लंडनला चाललो, ट्यूबमधून (तिथली भुयारी मेट्रो) फिरायचं आहे: कार्ड, नकाशा, गुडघे सगळंच विचारायचं आहे

वर्धारोडवाली | 12 एप्रिल 2025

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतीच वाचत होती, आज पहिल्यांदा धागा काढून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी 61, आमचे हे 66. मे च्या शेवटी नऊ दिवस लंडनला जाऊन राहिलो. मुलगी तिथं शिकते पण तिची परीक्षा नेमकी तेव्हाच आली, तर ती म्हणते आई घ्यायला येईन, रात्री जेवायला सोबत असेन, मधलं तुमचं तुम्ही फिरा, ट्यूब एकदम सोपी आहे. तिला सोपी आहे. मला आपल्याच नागपूरच्या मेट्रोत बर्डीला उतरलं की दोन मिनिटं कळत नाही आपण कोणत्या मजल्यावर आहो.

खोली तिनं अर्ल्स कोर्ट स्टेशनजवळ पाहिली आहे. माझे गुडघे चढताना ठीक, उतरताना रडवतात. ह्यांना चालायचं काही नाही, पण कोणाला रस्ता विचारणार नाहीत, हा लग्नापासूनचा आजार. तर कार्ड कोणतं घ्यायचं, इथूनच पास काढून न्यायचा का, लिफ्ट असते का, हे सगळं सांगा. नकाशाची प्रिंट काढून आणली तर ह्यांनी पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

आणि एक, लंडनमध्ये बाबासाहेब राहायचे ते घर पाहायचंच आहे. बाकी राणीचा राजवाडा वगैरे राहिला तरी चालेल. लहानपण दीक्षाभूमीजवळ गेलं माझं, ते घर न पाहता परत आली तर माहेरी तोंड दाखवायची सोय नाही.

पोट्टा_महालचा | 12 एप्रिल 2025

काकू काही टेन्शन नका घेऊ. खापरीहून ऑरेंज लाईन पकडा, बर्डीला उतरा, अॅक्वा पकडून लोकमान्य नगरला जा, परत या. असं चार वेळा करा, झाली लंडनची प्रॅक्टिस. फरक इतकाच का आपली मेट्रो सगळी वरून जाते आणि त्यांची खालून. आपण डोक्यावर घेतली, त्यांनी पोटात घातली 😄

काकांना म्हणा गुगलला विचारलं तर इज्जत जात नाही.

टेम्सकाठी | 13 एप्रिल 2025

ताई, मी मूळ प्रतापनगरचा, अकरा वर्षं झाली इथं. पहिले कार्डाचं सांगतो कारण सगळे तिथंच घाबरतात आणि तेच सगळ्यात सोपं आहे. तिकीट काढायचंच नाही. तुमचं बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड, ज्यावर ती आडव्या वायफायसारखी खूण असते, ते गेटवरच्या पिवळ्या गोलावर टेकवायचं, आत जायचं, निघताना तेच कार्ड परत टेकवायचं, संपलं. ऑयस्टर (आधी पैसे भरून ठेवायचं तिथलं प्रवासाचं कार्ड) असो की बँकेचं, मोठ्या माणसाला भाडं सारखंच. झोन 1 मधल्या, म्हणजे अगदी मधल्या लंडनमधल्या, एका फेरीला यंदा (2025) 2.80 किंवा 2.90 पौंड, गर्दीच्या वेळेवर आहे ते. तेच मशीनवर कागदी तिकीट काढलं तर 7 पौंड! आणि दिवसभर कितीही फिरलात तरी एका रकमेनंतर कापणं थांबतं, झोन 1-2 साठी या मार्चपासून ती 8.90 पौंड आहे. त्यामुळे पास-बिस काही नको, हिशोब मशीनच करतं.

आता चुका कुठे होतात ते. एका कार्डावर दोघं जाता येत नाही, एक माणूस एक कार्ड. सकाळी प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि दुपारी तेच कार्ड मोबाइलमधून टेकवलं तर मशीनला ती दोन वेगळी माणसं वाटतात, दिवसाची मर्यादा कुठल्याच बाजूला भरत नाही. बाहेर पडताना टेकवायचं विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापतात. आणि निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा, त्यातच टॅपचा खटका वेगळा असतो, तोही चालू करा. हे इथं गेटवर उभं राहून, मागे रांग लावून, ओटीपीची वाट बघत करायचं काम नाही, मी आमच्या सासरेबुवांना करताना पाहिलं आहे.

हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाईन थेट अर्ल्स कोर्टला आणते, मध्ये बदलायचं नाही, पाऊण तास धरा. गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे बॅगा घेऊन बसायला जागा मिळते. कोणी हीथ्रो एक्सप्रेस सुचवलं तर ऐकू नका, 25 पौंड घेऊन ती पॅडिंग्टनला सोडते, तुमच्या काही कामाची नाही. अर्ल्स कोर्टला लिफ्ट आहे. मुलीनं जागा डोकं लावून निवडली आहे.

पेठेतला | 13 एप्रिल 2025

पण ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे पास, काढलेलं काय वाईट? आम्ही 2014 ला गेलो तेव्हा काढलं होतं आणि निवांत फिरलो.

टेम्सकाठी | 13 एप्रिल 2025

वाईट काही नाही, महाग आहे. नऊ दिवस मधल्या भागातच फिरणाऱ्याला मर्यादा स्वस्त पडते. शिवाय ज्या दिवशी ताई थकून खोलीवरच बसतील त्या दिवसाचे पैसे वाचतात.

पोट्टा_महालचा | 13 एप्रिल 2025

पेठेतले भाऊ, 2014 चं ट्रॅव्हलकार्ड अजून जपून ठेवलं असेल न तुम्ही 😄

रुळावरचा_रिटायर्ड | 15 एप्रिल 2025

ताई, रेल्वेत 36 वर्षं काढली म्हणून दोन शब्द, लांबतील, माफ करा.

ती प्रिंट पाहून चष्मा काढून ठेवला हे तुमच्या मिस्टरांनी बरोबरच केलं, कारण तो नकाशा नाहीच. हॅरी बेक नावाचा ड्राफ्ट्समन होता, विजेच्या सर्किटच्या आकृत्या काढणारा, त्यानं तशीच ट्यूबची आकृती काढली आणि 1933 मध्ये ती छापली गेली. सगळ्या रेषा सरळ, आडव्या नाहीतर तिरप्या, स्टेशनं सारख्या अंतरावर. कुठे बदलायचं तेवढं कळते, किती लांब ते कळत नाही. त्याच्यामुळे काय होते, लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं नकाशात दोन बोटांवर दिसतात आणि प्रत्यक्षात मध्ये जेमतेम 260 मीटर आहे. आपल्याकडे व्हरायटी चौकातून मोदी नंबर तीनला जायला कोणी मेट्रो पकडते का? तिथं नवीन माणूस पकडतो. वरून कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग पाहून कोणी जिन्यानं निघाला तर 193 पायऱ्या, म्हणजे पंधरा मजले. तुमच्या गुडघ्यांसाठी हे पहिलं सांगतो, कॉव्हेंट गार्डन पाहायचं असेल तर लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत जा.

दुसरं म्हणजे प्रवासाचा वेळ गाडीत जात नाही, स्टेशनातल्या चालायच्या बोगद्यात जातो. पंधरा मिनिटांचा प्रवास आणि बारा मिनिटं चालणं असा तिथला हिशोब. म्हणून अॅप जेव्हा दोन गाड्या बदलायचा "फास्ट" रस्ता दाखवते तेव्हा त्याच्याकडे दुर्लक्ष करा आणि एकदाच बदलायचा, दहा मिनिटं जास्तीचा रस्ता धरा. 272 स्टेशनं आहेत, त्यातल्या निम्म्याहून बऱ्याच कमी ठिकाणी रस्त्यापासून फलाटापर्यंत बिनपायऱ्यांनी जाता येते. नकाशावर व्हीलचेअरची खूण आहे ती पाहा: निळ्या गोलात असेल तर थेट गाडीपर्यंत, पांढऱ्यात असेल तर फलाटापर्यंत, पुढे गाडीत चढायला पायरी किंवा फट असू शकते. ग्रीन पार्क, किंग्ज क्रॉस, वेस्टमिन्स्टर ही तुमच्यासाठी चांगली स्टेशनं. एलिझाबेथ लाईन 2022 ची आहे, तिची सगळीच स्टेशनं सोपी.

आता थोडं विषयांतर. तिथली पहिली भुयारी गाडी 10 जानेवारी 1863 ला धावली, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, ती पण वाफेच्या इंजिनावर, बोगद्यात धूरच धूर. आपल्या नागपूरला रेल्वेच पोचली 1867 ला. म्हणजे नागपूरकरानं पहिल्यांदा आगगाडी पाहिली तेव्हा लंडनचा माणूस जमिनीखाली चार वर्षं खोकलून झाला होता.

वर्धारोडवाली | 16 एप्रिल 2025

काका, तुमची पोस्ट ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. "नकाशा नाहीच" इथपर्यंतच ऐकली आणि दिवसभर खूश आहेत.

दोन शंका. ह्यांचं पेन्शनचं कार्ड रुपे आहे. चालेल का? आणि मैत्रीण म्हणाली आत भयंकर गरम होते म्हणे. लंडनमध्ये गरम??

पोट्टा_महालचा | 16 एप्रिल 2025

हाव न. तिथं 30 डिग्री झाली की पेपरात पहिल्या पानावर येते. काकू तुम्ही 45 मधून जाऊन राहिल्या, तुम्ही तर स्वेटर घालून बसान.

टेम्सकाठी | 17 एप्रिल 2025

रुपेवर भरवसा ठेवू नका. काकांसाठी स्टेशनवरच्या मशीनमधून ऑयस्टर घ्या, कार्डाचे वेगळे पैसे लागतात आणि ते परत मिळत नाहीत, पण आत भरलेले पैसे मात्र कधीच बाद होत नाहीत, दहा वर्षांनी आलात तरी चालतात.

गरमीचं खरं आहे, हसू नका. खोल लाईनी म्हणजे सेंट्रल, बेकर्लू, नॉर्दर्न, पिकॅडिली, व्हिक्टोरिया, ज्युबिली, यांच्या गाड्यांत एसी नाही. डिस्ट्रिक्ट, सर्कल, मेट्रोपॉलिटन, हॅमरस्मिथ यांच्यात आहे.

रुळावरचा_रिटायर्ड | 17 एप्रिल 2025

कारण सांगतो. ते बोगदे चिकणमातीतून नेले आहेत. सुरुवातीला ती माती थंड होती, गाडीची, ब्रेकची, माणसांची सगळी उष्णता ती प्यायची. शंभर वर्षं प्यायल्यावर तीच गरम झाली, आता उष्णता जायला जागा नाही. आणि बोगदा गाडीच्या मापाचा, म्हणजे गाडीला एसी लावला तर त्याची गरम हवा परत त्याच बोगद्यात. आपल्याकडे बंद खोलीत कूलर लावला की जे होते ते.

डिस्ट्रिक्ट, सर्कल या लाईनी वरून खणून झाकलेल्या, उथळ आणि रुंद, म्हणून तिथं जमते.

मानेवाडा_एक्सप्रेस | 19 एप्रिल 2025

धागा हायजॅक करत नाही पण इथंच विचारतो. आम्ही डिसेंबरात जाऊन राहिलो, सोबत मुलगा 12 चा, मुलगी 8 ची. लहान पोरांना तिकीट लागते का? एका ग्रुपवर म्हणे मोठ्यांएवढंच लागते, दुसऱ्या ग्रुपवर म्हणे फुकट.

टेम्सकाठी | 19 एप्रिल 2025

दोन्ही अर्धवट. पाच ते दहा वर्षांची मुलं तिकीटवाल्या मोठ्या माणसासोबत ट्यूबमध्ये फुकट, म्हणजे मुलगी फुकट, तिला रुंद गेटमधून सोबत न्या. अकरा ते पंधरावाल्याला अर्धं भाडं, पण आपोआप नाही. त्याच्यासाठी ऑयस्टर घ्यायचं, स्टेशनवर निळ्या गणवेशातल्या कर्मचाऱ्याला पोरगं दाखवायचं आणि "यंग व्हिजिटर डिस्काउंट" टाकून द्या म्हणायचं, ते मशीनवर दोन मिनिटांत टाकतात, चौदा दिवस चालतं. बँकेच्या कार्डावर ही सवलत बसत नाही. मुलाला तुमचं जास्तीचं क्रेडिट कार्ड दिलंत तर पूर्ण भाडं.

सावजीरस्सा | 21 एप्रिल 2025

ग्रीनिचला जाल तर माझ्यासारखं करू नका. झीरो माईलच्या गावचा माणूस, म्हटलं शून्य रेखांश पाहून येऊ, तर डीएलआर नावाची बिनड्रायव्हरची गाडी जाते कटी सार्क स्टेशनला. समोरची सीट मिळाली तर पोरांना ड्रायव्हर झाल्यासारखं वाटते, मलाही वाटलं. पण तिथल्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नाही! नुसता खांब, त्यावर कार्ड टेकवायचा गोल. गेट नाही म्हणजे आडवणारं कोणी नाही, मी मजेत बाहेर. दुसऱ्या दिवशी मेसेज, केवढे तरी पौंड कापले. नंतर खातं उघडून ऑनलाइन अर्ज केला तर परत आले, माझीच चूक होती तरी. पण दोन दिवस बायकोनं त्या पौंडांचे रुपये करून करून ऐकवलं.

बसमध्ये उलट आहे, फक्त चढताना टेकवायचं, उतरताना नाही. बसचे यंदा (2025) 1.75 पौंड, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे काही नाही. रोख पैसे बसवाला घेतच नाही.

पोट्टा_महालचा | 30 एप्रिल 2025

काकू तुम्ही लंडनला जाऊनच राहिल्या होत्या तर रघुजीराजे भोसल्यांची तलवार घेऊन या असं सांगणार होतो, तर काल सरकारनंच लिलावात घेतली 😄 आता तुम्ही फक्त चॉकलेट आणा.

वर्धारोडवाली | 30 एप्रिल 2025

तलवार विमानात हँडबॅगेत चालत नाही रे. चॉकलेट आणते.

कोणी बाबासाहेबांच्या घराचं सांगितलंच नाही अजून.

टेम्सकाठी | 1 मे 2025

राहिलंच की. महाराष्ट्र दिनाला सांगतो म्हणजे मुहूर्त पण झाला.

पत्ता 10 किंग हेन्रीज रोड. स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाईन. तुम्ही अर्ल्स कोर्टहून डिस्ट्रिक्ट लाईननं एम्बॅंकमेंटला या, एसी गाडी, तिथं नॉर्दर्न लाईनच्या उत्तरेकडच्या फलाटावर जा, सरकते जिने आहेत. ही लाईन फसवी आहे, कॅमडेन टाउनच्या पुढे फाटे फुटतात. एक फाटा एजवेअरला, एक हाय बार्नेटला. तुम्हाला एजवेअरची गाडी पाहिजे. चुकून हाय बार्नेटची पकडली तरी घाबरू नका, कॅमडेन टाउनला उतरून बदला. चॉक फार्मवरून रेल्वेचा पूल ओलांडून चालत दहा मिनिटं.

घर राज्य सरकारनं 2015 मध्ये घेतलं आणि त्याचं स्मारक केलं. जायच्या आधी उघडण्याची वेळ मुलीकडून पाहून घ्या.

रुळावरचा_रिटायर्ड | 1 मे 2025

सोबत हेही करा. होबर्नला उतरून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स चालत पाहता येते, ते तिथंच शिकले. होबर्न तुमच्या पिकॅडिली लाईनवरच आहे, अर्ल्स कोर्टहून थेट. आणि चान्सरी लेन स्टेशनजवळ ग्रेज इन, तिथं ते बॅरिस्टर झाले. एका दिवसात तिन्ही करू नका मात्र.

वर्धारोडवाली | 29 मे 2025

मंडळी, लंडनहून लिहिते. रात्रीचे साडेअकरा झाले, हे झोपले, मला झोप नाही, आजचं सांगितल्याशिवाय लागणार पण नाही.

पहिले तीन दिवस झकास गेले. माझं कार्ड पहिल्याच गेटला चाललं, इतकी खुशी झाली की मी मागे वळून ह्यांना सांगायला लागली आणि गेट बंद. कर्मचारी पोरगी आली, हसली, बाजूचं रुंद गेट उघडून दिलं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी, हे कोणी लिहिलं नव्हतं इथं! आम्ही नवरा-बायको शेजारी शेजारी उभे, मागून एक जण "एक्स्क्यूज मी" म्हणे, म्हणे म्हणजे काय, तीनदा म्हणाला तेव्हा कळलं आम्हालाच म्हणते.

आज निघालो बाबासाहेबांच्या घराला. सगळं कागदावर लिहून दिलं होतं मी, डिस्ट्रिक्ट लाईन, एम्बॅंकमेंट, मग एजवेअरची गाडी. अर्ल्स कोर्टच्या फलाटावर उभे, माझं लक्ष पर्समध्ये, पाण्याची बाटली शोधून राहिली होती, तेवढ्यात हे म्हणतात चल चल आली आपली गाडी, बोर्डावर एजवेअर लिहिलं आहे. हिरवी डिस्ट्रिक्ट लाईनच होती, बसलो. मला वाटलं वा, बदलायचं पण नाही आज. हाय स्ट्रीट केन्सिंग्टन आलं, नॉटिंग हिल गेट आलं, पॅडिंग्टन आलं, मी म्हणून राहिली अहो एम्बॅंकमेंट काऊन येऊन नाही राहिलं, हे म्हणतात येईल, नकाशात अंतर खरं नसते. काका, तुमचंच वाक्य!! मग गाडी थांबली, सगळे उतरले, दिवे मालवल्यासारखं झालं आणि समोर पाटी, एजवेअर रोड.

एजवेअर वेगळं आणि एजवेअर रोड वेगळं. एक शहराच्या टोकाला, एक मधोमध. आणि वरून पोरगी सांगते का एजवेअर रोड नावाची पण दोन स्टेशनं आहेत, रस्ता ओलांडून, दोन्ही वेगवेगळ्या लाईनीची. मी म्हटलं आपण कोणाला नावं ठेवावी, आपल्याकडे एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट अशी तीन ओळीनं आहेत, तिथं उतरणाऱ्याचं काय होत असेल.

हे काही विचारायला तयार नाहीत, फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आले दोनदा, जणू काय रस्ता तिथं सांडला होता. शेवटी मीच एका काळ्या कोटातल्या आजींना विचारलं, माझ्या इंग्रजीत. त्या म्हणाल्या डार्लिंग (मला! 61 व्या वर्षी!) बाहेर जाऊ नका, समोरच्या फलाटावरून किंग्ज क्रॉसला जा, तिथून नॉर्दर्न पकडा. गेलो. किंग्ज क्रॉसला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला जे चालवते बापा, बर्डीहून चालत निघालं तर धरमपेठ आलं असतं असं वाटलं. तिथं मात्र मी दोनदा वाचलं, एजवेअर, नुसतं एजवेअर, रोड नाही.

चॉक फार्म स्टेशन छोटंसं आहे, बाहेरून लालभडक टाइल्सचं. पूल ओलांडला. रस्ता इतका शांत का आपल्या चपलांचा आवाज येत होता. घरावर निळी गोल पाटी, 1921-22 लिहिलेलं. ह्यांनी जोडे काढले फुटपाथवरच. मी म्हटलं अहो आत जाऊन काढा, तर म्हणाले असू दे. मी फोटो काढला, त्यात अर्धं माझं बोट आलं, तो तसाच ठेवला आहे.

रुळावरचा_रिटायर्ड | 30 मे 2025

ताई, वाक्य माझं होतं, गुन्हा कबूल. पण डिस्ट्रिक्ट लाईनचा तो एजवेअर रोडचा फाटा माझ्या ध्यानातच आला नाही, आणि अर्ल्स कोर्टवरून तर तो सरळ जातो. मी सांगायला पाहिजे होतं.

जोडे काढल्याचं वाचून घरात कोणाशी बोललो नाही थोडा वेळ.

टेम्सकाठी | 30 मे 2025

चूक माझी, मीच "एजवेअरची गाडी" लिहिलं. अकरा वर्षांत डोक्यात आलं नाही की दोन्ही नावं एकाच प्रवासात समोर येऊ शकतात. आता कोणी विचारलं तर लाईनीचं नाव आणि दिशा आधी सांगेन, शेवटचं स्टेशन नंतर.

परत येताना कसं केलंत?

वर्धारोडवाली | 30 मे 2025

बसनं! एक स्टेशन मागे कॅमडेन टाउनला आलो आणि तिथून 24 नंबरची बस, वरच्या मजल्यावर, अगदी समोरची सीट. ट्राफल्गर स्क्वेअरपर्यंत सगळं लंडन पायाखालून. वर चढायच्या पायऱ्या आहेत, पण त्या दहा-बारा, आणि मग तासभर बसणं. ट्यूबमध्ये पायऱ्या किती ते उतरल्याशिवाय कळत नाही. तेव्हापासून आमचं ठरलं, लांब जायचं असेल तर ट्यूब, परत येताना बस. संध्याकाळी माणसाला घाई कशाची असते?

आणखी एक, शनिवार-रविवार सांभाळा. कामं काढतात आणि लाईनच्या लाईन बंद ठेवतात. मुलीनं टीएफएल गो नावाचं अॅप टाकून दिलं, सकाळी चहा पिताना ते पाहायचं. आणि स्टेशनबाहेर पडलं की लगेच मोबाइल काढून नकाशा पाहत फुटपाथच्या कडेला उभं राहू नका, सायकलवरून येतात आणि हातातून नेतात म्हणे. आम्ही दुकानाच्या आत शिरून पाहत होतो. त्यात एकदा ह्यांनी टोपी विकत घेतली, ती वेगळी गोष्ट.

पेठेतला | 30 मे 2025

टोपी ट्रॅव्हलकार्डाच्या मर्यादेत बसली का?

पोट्टा_महालचा | 30 मे 2025

आज पहिल्यांदा पेठेतल्या भाऊंना प्लस वन देऊन राहिलो. जपून ठेवा.

मानेवाडा_एक्सप्रेस | 12 जून 2025

काकू परत आल्या का? काकांच्या ऑयस्टरमध्ये काही उरलं असेल तर मी घेतो, माझ्या मुलासाठी पाहिजेच आहे, नवीन घ्यायचे पैसे वाचतील. आतले पैसे आजच्या भावानं रुपयात देतो.

वर्धारोडवाली | 13 जून 2025

आली आली, 44 डिग्रीत. उतरल्यावर वाटलं नॉर्दर्न लाईनच बरी होती.

6 पौंड 40 उरले आहेत. पैसे नको, पोराला आईस्क्रीम घेऊन दे. ह्यांनी मात्र एक अट घातली आहे, कार्ड ते स्वतः देणार आणि देताना रस्ता समजावून सांगणार. हसू नको. रविवारी अकराला बर्डी मेट्रो स्टेशनला ये.

मानेवाडा_एक्सप्रेस | 13 जून 2025

येतो काकू. कोणत्या फलाटावर, ऑरेंज का अॅक्वा?

वर्धारोडवाली | 13 जून 2025

ह्यांना विचारलं. म्हणतात, तो येईल, सापडते.

तू गेटच्या बाहेर थांब रे बाबा, तिकीट घराजवळ. मी आणते त्यांना.